बाबूराव पेंटर आणि ‘सावकारी पाश’

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचा पिंड चित्रकाराचा. नाटकांचे पडदे रंगविता रंगविता ते चित्रपटाकडे वळले. विदेशी यंत्राची वाट न पाहता कॅमेराही त्यांनी कोल्हापुरातच घडविला. ‘सैरंध्री’त (१९२०) त्यांनी स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या, तर ‘सिंहगड’साठी (१९२३) कृत्रिम प्रकाशाचा वापर केला.

परंतु त्यांचे खरे धाडस ‘सावकारी पाश’ (१९२५) हेच होय. पडद्यावर पौराणिक कथांची चलती असताना, कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यांनी नायक केला. रोजगारासाठी उंबरमाळी स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्यांना ही कथा परकी वाटणार नाही. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) हाच प्रश्न घेऊन आला तो अठ्ठावीस वर्षांनंतर.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम हे त्यांचे शिष्य बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. गुरूची महाराष्ट्र फिल्म कंपनी लयाला गेली. त्यांची दृष्टी मात्र शिष्यांच्या चित्रपटांत जगली. कलावंताचे भांडवल असते ते हेच. त्यावर कोणत्याही सावकाराला जप्ती आणता येत नाही.