नियंत्रण आलेखाचे जनक डॉ. वॉल्टर शूहार्ट

बुलढाणा जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांत, विहिरीचे पाणी प्यावे की नाही हे प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. आकडा या सीमेलगत आला की प्रश्न पडतो : दोष पाण्याचा की मोजणीचा? त्याचा उलगडा करणारी रीत अमेरिकी शास्त्रज्ञ डॉ. वॉल्टर शूहार्ट यांनी जगाला दिली.

शूहार्ट यांचा जन्म १८ मार्च १८९१ रोजी इलिनॉय राज्यातील न्यू कँटन या गावी झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९१७ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून पुढील वर्षी ते टेलिफोनची उपकरणे बनविणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले. तेथे मालात किंचित फरक दिसला तरी यंत्रांत फेरफार केले जात आणि त्यामुळे फरक कमी होण्याऐवजी वाढे. काही चढउतार प्रत्येक प्रक्रियेत स्वाभाविकच असतात, तर काहींमागे शोधून काढता येण्याजोगे विशिष्ट कारण असते, हे शूहार्ट यांनी ओळखले. हे दोन प्रकार वेगळे करणारा आलेख त्यांनी १६ मे १९२४ रोजी वरिष्ठांना धाडलेल्या अवघ्या पानभर टिपणात मांडला. पुढे बेल प्रयोगशाळेत असताना १९३१ मध्ये त्यांनी या विषयावरील आपला मूलभूत ग्रंथ प्रसिद्ध केला.

कारखान्यासाठी जन्मलेला हा आलेख १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी रुग्णालयीन प्रयोगशाळेत आणला. पाणी, हवा, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळाही आज त्याचाच आधार घेतात. नमुन्यांबरोबर, ज्यातील क्षाराचे प्रमाण आधीच ठाऊक आहे असे द्रावण नेमाने तपासतात आणि त्याचा निकाल आलेखावर बिंदूने नोंदवितात. मधली रेषा सरासरीची. तिच्या वर-खाली प्रमाणित विचलनाच्या दुप्पट अंतरावर इशाऱ्याची आणि तिप्पट अंतरावर नियंत्रणाची सीमा असते. बिंदू नियंत्रणाची सीमा ओलांडून गेला, तर अहवाल रोखून रसायने, उपकरण व हाताळणी तपासावी लागते आणि नमुने पुन्हा मोजावे लागतात. सीमेच्या आत असूनही बिंदू ओळीने एकाच बाजूला पडू लागले, तर उपकरण हळूहळू ढळत असल्याची ती सूचना असते. हा आलेख पाळला नाही, तर चांगली विहीर बाद ठरण्याचा किंवा अपायकारक पाणी घरोघरी पोहोचण्याचा धोका राहतो.

शूहार्ट यांचा भारताशीही संबंध आला. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये ते भारतात आले. देशातील संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाच्या चळवळीला या दौऱ्याने चालना मिळाली. पुढच्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेने मुंबईसह अन्य औद्योगिक शहरांत त्यासाठी केंद्रे उघडली.

शूहार्ट १९५६ मध्ये निवृत्त झाले आणि ११ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पाण्याविषयी निर्णय देण्यापूर्वी प्रयोगशाळेने स्वतःची परीक्षा द्यावी, ही शिस्त त्यांच्या आलेखाने घालून दिली. खारपाणपट्ट्यातील प्रत्येक घागरीशी तिचा संबंध आहे.