फ्रान्सच्या द्राक्षबागा संपवणाऱ्या किडीचं मूळ गाव शोधणारे चार्ल्स रायली

१८६० च्या दशकात फ्रान्समधल्या द्राक्षबागा अचानक सुकायला लागल्या. १८६८ मध्ये प्लांशाँ या वनस्पतीशास्त्रज्ञाला वेलींच्या मुळांवर बारीक पिवळे किडे सापडले. ही कीड म्हणजे फिलॉक्झेरा. पण ती आली कुठून? अनेक तज्ज्ञ तर किडीला दोषी मानायलाच तयार नव्हते.

हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा होता चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांचा.

१८४३ मध्ये लंडनमध्ये जन्मलेले रायली सतराव्या वर्षी अमेरिकेत गेले. इलिनॉयमध्ये शेतावर राबले, मग शिकागोच्या एका शेतीविषयक साप्ताहिकात काम केलं. १८६८ मध्ये ते मिसुरी राज्याचे पहिले कीटकशास्त्रज्ञ झाले.

अमेरिकेत रानटी द्राक्षवेलींच्या पानांवर गाठी करणारा एक किडा आधीपासून माहीत होता. पानावरचा हा किडा आणि फ्रान्समधला मुळावरचा किडा एकच आहे, हे रायलींनी दाखवून दिलं. त्यासाठी १८७१ मध्ये ते स्वतः फ्रान्सला जाऊन आले.

मूळ कळल्यावर उपायाची दिशाही मिळाली. अमेरिकी वेली या किडीसोबतच वाढलेल्या, त्यामुळे त्यांची मुळं तिला दाद देत नव्हती. मग अमेरिकी खुंटावर फ्रेंच द्राक्षाचं कलम करायचं ठरलं. ‘परदेशी’ मुळांना तिथे बराच विरोध झाला, पण शेवटी याच कलमांनी बागा वाचवल्या. आपल्याकडेही डॉगरिज या अमेरिकी खुंटावर द्राक्षाची कलमं होतात, मात्र ती मुख्यतः पाण्याचा ताण आणि खारवट जमिनीसाठी.

किडीचं मूळ शोधायचं, हे सूत्र रायलींनी पुढेही सोडलं नाही. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांवर पांढऱ्या, कापसासारख्या खवले किडीने हल्ला केला, तेव्हा ती ऑस्ट्रेलियाची असल्याचं ओळखून १८८८ मध्ये त्यांनी अल्बर्ट कोबेले यांना तिकडे धाडलं. कोबेलेंनी तिला खाणारा छोटा ढालकिडा पाठवला. दोनेक वर्षांतच कीड आटोक्यात आली. मित्रकीटकांनी कीड रोखण्याचं हे आजही सर्वात गाजलेलं उदाहरण आहे.

१८९५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सायकलवरून पडून रायलींचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते.

त्यांच्या काळात डीएनए तपासणी नव्हती. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी फिलॉक्झेराचा जीनोम वाचला, तेव्हा युरोपातल्या किडीचं सर्वात जवळचं नातं निघालं मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या रानटी वेलींवरच्या किडीशी. रायलींनी ज्या इलिनॉयमध्ये शेतात काम केलं, ते राज्य याच नदीच्या काठावर आहे.