अफनासी निकितिन : जुन्नरमध्ये अडवला गेलेला रशियन प्रवासी

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या सुमारे पाव शतक आधी एक रशियन व्यापारी कोकणातील चौल बंदरात येऊन पोहोचला होता. त्याचे नाव अफनासी निकितिन. व्होल्गा नदीकाठच्या त्वेर नगरातून निघालेला हा प्रवासी इराणमार्गे भारतात आला, बहमनी राज्यात काही वर्षे राहिला आणि परतीच्या वाटेवर मरण पावला. त्याने लिहिलेल्या टिपणांमुळे पंधराव्या शतकातील दख्खनचे एका परक्याने पाहिलेले चित्र आज उपलब्ध आहे. व्हिसा आणि पारपत्र यांच्या कितीतरी आधीच्या काळात परमुलखातील वाट कशी अडवली जात असे, याचीही ती टिपणे साक्ष देतात.

निकितिनच्या जन्माची तारीख अथवा घराण्याचा तपशील उपलब्ध नाही. त्याच्या प्रस्थानाचे वर्ष परंपरेने १४६६ मानले जाते, तर काही अभ्यासक ते १४६८ असल्याचे मानतात. प्रवासास निघताना त्याच्याजवळ त्वेरचा राजा मिखाईल बोरिसोविच आणि तेथील बिशप गेनादी यांची पत्रे होती. त्या पत्रांच्या बळावर तो व्होल्गेतून खाली निझनी नोवगोरोदपर्यंत विनासायास आला. तेथे तो दोन आठवडे थांबला आणि कॅस्पियन समुद्राकाठच्या शिरवान राज्याचा वकील हसन बेग स्वदेशी परतत असता त्याच्या ताफ्यात सामील झाला. परमुलखात केवळ कागदावर विसंबून चालत नाही, सोबतही वजनदार असावी लागते, हे तो जाणून होता.

मात्र अस्त्रखानजवळ पत्रे आणि सोबत दोन्ही निष्प्रभ ठरली. तेथील तातार सैन्याने ताफा लुटला. त्या लुटीत निकितिनचे धर्मग्रंथही गेले. पुढे कॅस्पियन समुद्रात वादळ झाले, एक जहाज किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरील लोक स्थानिक टोळीच्या हाती सापडले. शिरवानच्या शाहाने रदबदली करून त्यांची सुटका करविली, परंतु घरी परतण्यासाठी द्रव्य देण्यास नकार दिला. व्यापाऱ्यांची पांगापांग झाली. ज्यांचे मायदेशी काही शिल्लक होते ते परतले, तर जे कर्जात बुडाले होते त्यांनी वाट फुटेल तिकडचा मार्ग धरला. निकितिन दरबंद व बाकूमार्गे इराणात उतरला आणि मुक्काम करीत होर्मुझ बंदरापर्यंत गेला.

दख्खनमध्ये घोड्यांची पैदास होत नव्हती आणि बहमनी सुलतानाच्या घोडदळाला त्यांची सतत गरज असे, त्यामुळे अरबी समुद्रावरून होणारा घोड्यांचा व्यापार तेजीत होता. निकितिनने शंभर रुबल खर्चून एक घोडा सोबत आणला. मस्कत, दीव, खंभायत असा प्रवास करून सुमारे सहा आठवड्यांनी त्याचे जहाज चौलला लागले. उघड्या अंगाने वावरणारी माणसे पाहून तो चकित झाला आणि त्याचा गोरा वर्ण पाहून लोक त्याच्यामागे गर्दी करू लागले. तेथून पाली आणि उमरी या मार्गाने चोवीस दिवसांत तो जुन्नरला आला.

पावसाळा सुरू झाल्याने जुन्नरचा मुक्काम दोन महिने लांबला. सर्वत्र पाणी आणि चिखल, खडकावर वसलेले ठाणे, एका वेळी एकच माणूस चढू शकेल अशी अरुंद वाट, घोड्यांना दिली जाणारी साखर-तुपाची खिचडी अशा अनेक गोष्टी त्याने टिपून ठेवल्या. याच गावी त्याच्या प्रवासातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. जुन्नरचा सुभेदार असदखान याला हा परदेशी मुसलमान नसून रशियन असल्याचे समजले. त्याने घोडा जप्त केला आणि चार दिवसांची मुदत दिली. इस्लाम स्वीकारल्यास घोडा परत मिळेल व वर एक हजार मोहरा मिळतील, नकार दिल्यास घोडा जाईल आणि तितक्याच मोहरा दंड म्हणून भराव्या लागतील, असा तो निवाडा होता.

निकितिनची सारी पुंजी त्या घोड्यात गुंतलेली होती. दंड भरण्याची ऐपत नव्हती आणि दाद मागावी असा आपल्या देशाचा कोणी वकीलही त्या मुलखात नव्हता. ते दिवस त्याच्या पंथातील उपवासाचे होते. मुदत संपत आली असता खुरासानचा महंमद नावाचा एक वजनदार गृहस्थ त्याच्या मदतीस आला. त्याने खानाची भेट घेऊन धर्मांतराचा आग्रह सोडविला आणि घोडाही परत मिळवून दिला. धर्माच्या नावाने अडलेली वाट त्याच धर्माच्या एका माणसाने मोकळी केली.

त्यानंतर निकितिन गुलबर्गामार्गे राजधानी बिदरला गेला. तेव्हा महमूद गावान हा बहमनी राज्याचा मुख्य वजीर होता. सरदारांचे चांदीचे पलंग, सोन्याच्या साजातील घोडे, हत्तींच्या मिरवणुका आणि त्याच वेळी खेड्यातील माणसांचे कमालीचे दारिद्र्य, या दोन्ही गोष्टी त्याने नोंदविल्या. घोडा विकला गेला तो नाताळच्या सुमारास. मायदेशी नेण्याजोगा माल मात्र त्याला मिळाला नाही. मिरी व रंग स्वस्त असले तरी त्याच्यासारख्या परक्याला जकातीची माफी नव्हती आणि समुद्रात चाच्यांचे भय होते.

या मुलखात तो ख्वाजा युसूफ खुरासानी या नावाने वावरत असे. बिदरमध्ये काही हिंदूंशी परिचय वाढल्यावर त्याने आपले खरे नाव व धर्म त्यांना सांगितला. त्यानंतर त्यांनी आपले जेवण, व्यवहार आणि पूजाअर्चा त्याच्यापासून लपविली नाही. त्यांच्यासोबत तो शिवरात्रीच्या यात्रेला श्रीशैलम येथे गेला. मनातून मात्र तो अस्वस्थ होता. ग्रंथ हरवल्याने सणावारांच्या तिथी कळेनाशा झाल्या होत्या, म्हणून तो मुसलमानांच्या रोज्यांबरोबर उपवास करी. रशियन भाषेतील त्याच्या टिपणांत तुर्की, फारसी आणि अरबी प्रार्थना मिसळत गेल्या. त्याची श्रद्धा अखेरपर्यंत कोणती राहिली, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

अखेर घरच्या ओढीने त्याने दाभोळ गाठले आणि जहाज धरले. ते प्रथम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले व नंतर मस्कतमार्गे होर्मुझला पोहोचले. इराणचा शासक उझून हसन याच्या छावणीतून तो काळ्या समुद्रावरील त्राबझोन येथे आला, तेव्हा तेथील तुर्की अधिकाऱ्यांनी त्याला शत्रूकडून आलेला समजून कागदपत्रांच्या शोधात त्याचे सारे सामान उलगडले आणि चीजवस्तू लुटल्या. तेथून समुद्र ओलांडून तो क्रिमियातील काफा बंदरात उतरला.

त्वेर आता टप्प्यात आले होते. परंतु स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच वाटेत त्याचा मृत्यू झाला. तो प्रदेश त्या काळी लिथुआनियाच्या अमलाखाली होता, म्हणजे मायदेशाची सीमा त्याला ओलांडता आली नाही. त्याच्या वह्या मात्र व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचविल्या आणि १४७५ च्या नोंदीखाली त्या रशियन बखरीत समाविष्ट झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासकार निकोलाय करमझिन यांना एका मठाच्या संग्रहात हे लेखन आढळले. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ म्हणून ते आज ओळखले जाते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत दिग्दर्शकासमवेत काढलेला १९५७ चा ‘परदेसी’ हा चित्रपट याच प्रवाशावर आधारलेला आहे. त्वेरमध्ये व्होल्गेच्या काठी त्याचा पुतळा उभा आहे, तर चौलजवळील रेवदंडा येथे त्याच्या आगमनाचे स्मारक आहे.