ठाण्याचे रक्तसाक्षी : धन्यवादित थॉमस तोलेंतिनो

शहाडजवळून वाहणारी उल्हास नदी पुढे ठाण्याच्या दिशेने जाऊन खाडीला मिळते. आपल्यापैकी अनेकजण नोकरीधंद्यानिमित्त दररोज लोकलने याच दिशेने प्रवास करतात. परंतु या खाडीच्या परिसरात इ. स. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी ख्रिस्तासाठी आपले रक्त सांडले, याचे स्मरण फारच थोड्यांना असते. त्या चौघांत वयाने ज्येष्ठ होते धन्यवादित थॉमस तोलेंतिनो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील तोलेंतिनो या गावी त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच त्यांनी संत फ्रान्सिसच्या संघात प्रवेश केला. त्या काळी संघापुढे एक मोठा पेच उभा होता. संस्थापकाने घालून दिलेले दारिद्र्यव्रत काटेकोरपणे पाळावे की काळानुसार त्यात सवलत घ्यावी? सवलतीच्या बाजूने अनेक व्यवहारी कारणे होती. तथापि थॉमस आणि त्यांचे काही सोबती घेतलेल्या व्रताशी ठाम राहिले. त्यापायी स्वतःच्याच संघाच्या वरिष्ठांनी त्यांना बंदिवासात टाकले.

परक्यांकडून होणारा छळ सोसणे एक वेळ सोपे, आपल्याच घरच्यांनी दिलेली शिक्षा सोसणे कठीण. थॉमस यांनी ती सोसली. व्रत सोडले नाही आणि संघही सोडला नाही. १२८९ साली संघाचे प्रमुख झालेल्या रेमंड गोफ्रिदी यांनी त्यांची सुटका केली व त्यांना आर्मेनियाच्या राजाकडे प्रेषितकार्यासाठी पाठविले. ज्या संघाने कोंडले, त्याच संघाची आज्ञा शिरोधार्य मानून ते निघाले.

पुढील आयुष्य त्यांनी प्रवासात आणि सेवेत वेचले. चीनमध्ये सुवार्ता सांगणाऱ्या जॉन मॉन्तेकोर्विनो यांचे वृत्त घेऊन ते युरोपात गेले आणि पोप पाचवे क्लेमेंट यांच्यासमोर त्यांनी ते सादर केले. १३०७ साली पोपमहोदयांनी जॉन यांची चीनमधील आर्चबिशपपदी नेमणूक केली.

त्यानंतर वृद्धापकाळात थॉमस स्वतः पूर्वेकडे निघाले. पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे दिमित्रियस हे बंधू त्यांच्यासोबत होते. डोमिनिकन संघाचे जॉर्डन हेही त्यांचे सहप्रवासी होते. होर्मुझ बंदरातून निघालेले त्यांचे जहाज ठाण्यास येऊन थांबले. येथे राहणाऱ्या नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आश्रय दिला. जॉर्डन यजमानांच्या विनंतीवरून अन्यत्र गेले असता त्या घरातील पतिपत्नीत तंटा झाला. मारहाण झालेली पत्नी काझीकडे गेली आणि तिने या पाहुण्यांना साक्षीदार म्हणून पुढे केले. पीटर सामानाच्या राखणीसाठी घरी थांबले, इतर तिघांना बोलावण्यात आले.

घरगुती तंट्याची चौकशी लवकरच श्रद्धेच्या वादाकडे वळली. ख्रिस्त केवळ मनुष्य की खरा देव, हा प्रश्न उभा राहिला. एखादे मोघम उत्तर दिले असते, तर कदाचित प्राण वाचले असते. थॉमस यांनी ते दिले नाही. प्रखर उन्हात उभे करणे, अग्निपरीक्षा असे छळ झाले. पण कोणीही डगमगले नाही. शहराच्या अधिकाऱ्याने प्रथम त्यांना सोडून खाडीपलीकडे पाठविले. मात्र पुढे दबावाला बळी पडून त्याने मारेकरी धाडले. ९ एप्रिलच्या सुमारास रात्री तिघांचा वध झाला. दोन दिवसांनी पीटर यांनाही ठार करण्यात आले. तो झावळ्यांच्या रविवारापूर्वीचा आठवडा होता. ही हकीगत लिहून ठेवणारे फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक सांगतात की, हे कृत्य कळताच दिल्लीच्या मुसलमान सुलतानाने त्या अधिकाऱ्याला कठोर शासन केले. म्हणून या घटनेचे स्मरण कोणत्याही समाजाविषयी कटुता बाळगण्यासाठी नाही.

जॉर्डन यांनी मृतदेह सोपारा येथे पुरले. काही काळाने ओदोरिक यांनी त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी थॉमस यांच्या धन्यवादितपदाला मान्यता दिली.

ठाण्यात थॉमस यांनी दाखविलेले धैर्य एका रात्रीत आलेले नव्हते. तारुण्यातील बंदिवासात, कोणी पाहत नसताना, त्याची पायाभरणी झाली होती. तेथे त्यांनी तडजोड स्वीकारली असती, तर ठाण्यातही ती सोयीचीच वाटली असती. आपल्याला आज तलवारीला सामोरे जावे लागत नाही. परंतु कामाच्या ठिकाणी खोट्या कागदावर सही करण्याचा आग्रह होतो, रविवारचा मिस्सा क्षुल्लक कारणाने टळतो, लग्नाच्या वा नामकरणाच्या वेळी दिलेली वचने हळूहळू सैल होतात. प्रत्येक वेळी कारण व्यवहारीच असते. अशा लहान प्रसंगी जो प्रभूच्या शब्दाला जागतो, त्याचीच मोठ्या कसोटीसाठी तयारी होत असते.

पुढच्या वेळी गाडी ठाण्याच्या स्थानकात शिरेल, तेव्हा या चार रक्तसाक्षींचे क्षणभर स्मरण करू या आणि त्यांच्या मध्यस्थीने विश्वासू राहण्याची कृपा मागू या.