नाव 'विद्यार्थी', काम खातरजमेचं

रात्री ग्रुपवर मेसेज येतो. 'तिकडे आपल्या लोकांना मारलंय, उद्या सगळ्यांनी मोर्चाला यायचं!' कुणाला मारलं, कुठे, कधी, काहीच नाही. तरी तुमचं बोट 'फॉरवर्ड'वर जातंच ना? जरा थांबा. आधी या माणसाला भेटा.

गणेश शंकर विद्यार्थी. जन्म १८९०, अलाहाबाद. घरची परिस्थिती बेताची, म्हणून कॉलेज अर्ध्यावर सुटलं. पण शिकणं सुटलं नाही आणि 'विद्यार्थी' हे नावही त्यांनी स्वतःच घेतलेलं. १९१३ मध्ये त्यांनी कानपूरला 'प्रताप' साप्ताहिक सुरू केलं. रायबरेलीच्या शेतकऱ्यांवरच्या गोळीबाराची बातमी छापली म्हणून तुरुंगात गेले. तुमचा लाडका भगतसिंगही काही काळ याच 'प्रताप'मध्ये टोपणनावानं लिहायचा.

२३ मार्च १९३१ ला भगतसिंगला फाशी झाली. दुसऱ्या दिवशी कानपुरात हरताळ. दुकानं बंद करण्यावरून बाचाबाची झाली आणि इंग्रजांविरुद्धचा निषेध बघता बघता हिंदू-मुस्लिम दंगल होऊन बसला. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. पण अफवेला पाय लागतातच कुठे? एक देऊळ, एक मशीद खरंच जळली होती. पुढच्या मोहल्ल्यात पोचेपर्यंत त्यात आणखी दहा गोष्टींची भर पडायची. आणि ऐकणारा चिडून थेट रस्त्यावर उतरायचा.

विद्यार्थी मात्र स्वतः त्या गल्ल्यांमध्ये गेले. हिंदू वस्तीत अडकलेल्या मुसलमान कुटुंबांना त्यांनी सुखरूप बाहेर काढलं. मग मुसलमान वस्तीत अडकलेल्या हिंदूंना सोडवायला निघाले. २५ मार्चला तिथल्याच जमावानं त्यांना मारलं. वय अवघं ४०. दोन दिवसांनी इस्पितळात, प्रेतांच्या ढिगात त्यांचा मृतदेह सापडला. ज्या जमावानं मारलं, त्याच्याच धर्माच्या कित्येकांना त्यांनी त्याआधीच वाचवलं होतं. तरीही जमावानं त्यांना सोडलं नाही.

तुम्हाला कुणी दंगलीत उडी घ्या म्हणत नाहीये. पण पुढचा मेसेज आला, की निदान एक फोन करा. त्या भागात राहणाऱ्या मित्राला विचारा, नेमकं काय झालंय? उत्तर मिळेपर्यंत बोट आवरा. एवढं तर आपल्याला जमेलच की!