शिखराची उंची मोजणारे राधानाथ

अंगणातील नारळाची उंची मोजावयाची असेल, तर शेंड्यावर चढून दोरी खाली सोडता येते. परंतु ज्या शिखरावर मनुष्याचे पाऊल कधी पडले नाही आणि ज्याच्या पायथ्याशी जाण्याचीही मुभा नाही, त्याची उंची कशी मोजावी? आणि मोजली, तरी ती बरोबर आहे हे कसे समजावे? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ज्या थोड्या माणसांनी हे कोडे सोडविले, त्यांत राधानाथ सिकदार हे बंगाली गणिती अग्रभागी होते.

राधानाथांचा जन्म १८१३ साली कलकत्त्यातील जोरासांको या भागात झाला. हिंदू कॉलेजात त्यांना दोन थोर शिक्षक लाभले. डेरोझिओ या तरुण शिक्षकाने, कोणतीही गोष्ट पारखून घेतल्यावाचून मान्य करू नये, असे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविले. टायटलर यांनी राधानाथांना न्यूटनच्या कठीण ग्रंथाची गोडी लावली. सत्याची चाड आणि गणिताची आवड ही दोन्ही त्यांना अशी एकाच विद्यालयात मिळाली.

त्या काळी हिंदुस्थानची भूमी मोजण्याचे एक प्रचंड काम चालू होते. १८०२ साली मद्रास येथे लॅम्ब्टन यांनी त्याला आरंभ केला होता. जमिनीवरील एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका खुणेकडे पाहून कोन घ्यावयाचे आणि त्या त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढावयाच्या. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्याच्यावर तिसरा, अशी ही त्रिकोणांची साखळी देशभर वाढत गेली. पहिल्या त्रिकोणात राहिलेली चूक पुढल्या सर्व त्रिकोणांत शिरे. म्हणून या कामाला चुकांवर करडी नजर ठेवणारी माणसे हवी होती.

१८३१ साली या खात्याचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी अठरा वर्षांच्या राधानाथांना दरमहा तीस रुपयांवर गणक म्हणून नेमले. गणकाला इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत. तो शब्द तेव्हा यंत्राला नव्हे, माणसाला लावीत. सिरोंज, डेहराडून अशा ठिकाणी राहून राधानाथांनी हे काम इतक्या निष्ठेने केले की, ते एव्हरेस्ट यांचे अत्यंत विश्वासू साहाय्यक बनले.

राधानाथांना आकड्यांतील चूक खपत नसे, तसा माणसांवरील अन्यायही खपत नसे. १८४३ साली डेहराडूनच्या इंग्रज दंडाधिकाऱ्याने खात्याच्या गरीब मजुरांना वेठीस धरून आपले सामान वाहावयास लाविले. राधानाथांनी ते सामान अडवून धरले आणि या जुलमाचा जाब विचारला. गोऱ्या अधिकाऱ्यापुढे मान वर करणे त्या काळी सोपे नव्हते. त्यांच्यावर खटला झाला व दोनशे रुपये दंड झाला. परंतु त्यांनी माघार घेतली नाही.

१८४९ साली राधानाथ मुख्य गणक म्हणून कलकत्त्यास परतले. त्याच सुमारास बिहारच्या मैदानातील सहा ठिकाणांवरून हिमालयातील एका दूरच्या शिखराचे वेध घेण्यात आले. या शिखराला पंधरावे शिखर एवढेच नाव होते. नेपाळात परकीयांना प्रवेश नव्हता. त्यामुळे निरीक्षकांना सुमारे ११० मैल दूर उभे राहावे लागले. मिळालेल्या अंकांवरून उंची काढण्याचे काम राधानाथ आणि त्यांच्या हाताखालील गणक यांच्याकडे आले. डेहराडूनच्या कचेरीतील गणकांनीही त्यात भाग घेतला.

या कामातील खरी अडचण समजून घ्या. शिखराची उंची दोन मापांवर अवलंबून असते: शिखरापर्यंतचे अंतर आणि शिखराकडे पाहताना होणारा कोन. दोहोंतही थोडी चूक राहणारच. मग उंचीत किती चूक येईल? यासाठी गणितात एक सुंदर युक्ती आहे. प्रथम अंतर स्थिर धरावयाचे आणि केवळ कोन किंचित बदलून उंची किती बदलते ते पाहावयाचे. एका अंशाचे ३,६०० भाग केले, तर त्यांतील एका भागाला विकला म्हणतात. ११० मैलांवर कोनात एका विकलेची चूक झाली, तर उंची जवळजवळ तीन फुटांनी चुकते. मग कोन स्थिर धरून अंतर बदलावयाचे. तेथे शंभर फूट चुकले, तर उंचीत सुमारे सहा फुटांचा फरक पडतो. दोन्ही फरकांची बेरीज केली, म्हणजे एकंदर चूक फार तर किती असेल ते कळते. वरच्या वर्गांत गेल्यावर या युक्तीला आंशिक विकलन म्हणतात, हे तुम्ही शिकाल.

याहून मोठा शत्रू हवा हा होता. पाण्यात बुडविलेली काठी वाकडी दिसते, तसा प्रकाशाचा किरण हवेतून येताना वाकतो आणि शिखर आहे त्याहून उंच भासते. एवढ्या अंतरावर हा भास हजार फुटांहून अधिक होता! तो किती वजा करावा, याचा हिशेब करण्यात गणकांचे दिवसच्या दिवस गेले.

अखेर सहा ठिकाणांवरून सहा उंची मिळाल्या. पूर्ण फुटांत त्या अशा: २८,९९२; २९,००५; २९,००२; २८,९९९; २९,०२६ आणि २८,९९०. यांची सरासरी तुम्हीच काढून पाहा. २९,००२ फूट! तोवर मोजलेल्या कोणत्याही शिखराहून हे शिखर उंच होते. १८५६ साली, पुनःपुन्हा पडताळा घेतल्यानंतर, खात्याचे तत्कालीन प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी ही उंची जाहीर केली आणि शिखराला आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे, एव्हरेस्ट यांचे, नाव सुचविले. तिबेटी लोक त्याला पूर्वीपासून चोमोलुंग्मा म्हणत.

२०२० साली नेपाळ व चीन यांनी उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट, अशी जाहीर केली. जुन्या मापाहून फरक अवघा तीस फुटांचा, हजार फुटांमागे जेमतेम एक फूट! तथापि ही उंची त्या सहाही आकड्यांच्या वर आहे, हे ध्यानात घ्या. एक आकडा थोडा कमी व दुसरा थोडा अधिक असेल, तर सरासरीत त्या चुका एकमेकींना खोडून काढतात; परंतु सहाही आकड्यांत एकाच बाजूला गेलेली चूक सरासरीने जात नाही. तिचा शोध निराळ्या मार्गाने घ्यावा लागतो.

राधानाथांनी कलकत्त्याच्या वेधशाळेचे कामही सांभाळले. तेथील वायुभारमापकातील पारा उष्णतेने प्रसरण पावे आणि भार बदलला नसतानाही आकडा बदले. तो दोष काढून टाकण्याची रीत त्यांनी बसविली. १८५४ साली त्यांनी प्यारीचंद मित्र या मित्रासह स्त्रियांनाही सहज वाचता येईल असे सोप्या बंगालीतील मासिक काढले. १८६२ साली ते निवृत्त झाले आणि १८७० साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या मागे एक खेदाची गोष्ट घडली. १८५१ साली निघालेल्या भूमापनाच्या एका इंग्रजी ग्रंथात राधानाथांनी मोलाचा भाग लिहिला होता आणि ग्रंथकर्त्यांनी प्रस्तावनेत त्यांचे ऋण मान्य केले होते. १८७५ साली नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तो उल्लेखच गाळण्यात आला. मृत मनुष्य तक्रार कशी करणार? परंतु पुढल्याच वर्षी एका इंग्रजी वृत्तपत्राने या अन्यायाचा खरपूस समाचार घेतला. २००४ साली भारताच्या टपाल खात्याने राधानाथांचे चित्र असलेले तिकीट काढले.

राधानाथांनी कोणतेही शिखर चढून जिंकले नाही. माझ्या मापात चूक असेल, ती किती असेल, हा प्रश्न त्यांनी जन्मभर स्वतःला विचारला. आपली चूक लपविणाऱ्याला सत्य सापडत नाही. ती मोजणाऱ्याला मात्र शंभर मैलांवरूनही सत्याच्या अगदी जवळ जाता येते.