हिमप्रदेशाचा छायाचित्रकार : फ्रँक हर्ली

पांढरा बर्फ पांढऱ्या कागदावर उमटवणे ही गोष्ट ऐकायला सोपी, पण करायला फार अवघड. एक्स्पोजर कमी पडले तर प्रिंटवर बर्फ राखेसारखा मळकट दिसतो. जास्त झाले तर निगेटिव्ह इतकी दाट होते की वाऱ्याने बर्फावर ओढलेल्या रेषा, भेगा, पावलांचे ठसे सारे पुसले जाते आणि कोरा कागद तेवढा उरतो. हा मधला बिंदू ज्यांना साधला, त्या थोड्या छायाचित्रकारांत फ्रँक हर्ली याचे नाव अग्रभागी आहे. परंतु केवळ कौशल्यासाठी मी त्याच्याविषयी लिहीत नाही. कॅमेऱ्याने टिपलेले सत्य वाचवण्यासाठी ज्याने जीव धोक्यात घातला, त्यानेच पुढे डार्करूममध्ये ते सत्य बदलले. अशा माणसाला कलावंत म्हणून कोठे बसवायचे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

हर्लीचा जन्म १८८५ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झाला. तेराव्या-चौदाव्या वर्षीच तो घरातून पळाला आणि लिथगो येथील पोलाद कारखान्यात कामाला लागला. सतराव्या वर्षी त्याने पंधरा शिलिंगांचा एक साधा कोडॅक कॅमेरा आठवड्याला एक शिलिंग अशा हप्त्याने विकत घेतला. कोणत्याही कलाशाळेत न जाता तो शिकला आणि पुढे सिडनीत पोस्टकार्डांच्या धंद्यात पडला.

१९११ साली डग्लस मॉसन याच्या अंटार्क्टिक मोहिमेत छायाचित्रकार म्हणून त्याची निवड झाली. जेथे मुक्काम पडला तो किनारा वादळी वाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. तेथे तिपाई उभी करणे हीच एक लढाई होती. दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या दिशेने स्लेज ओढत गेलेल्या तिघांच्या तुकडीतही हर्ली होता. बर्फाचे चित्र उबदार खोलीतून काढता येत नाही, हे तो तेथे शिकला.

त्याचे सर्वांत मोठे काम मात्र अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोहिमेतील आहे. अठ्ठावीस माणसांना घेऊन 'एन्ड्युरन्स' हे जहाज १९१४ च्या डिसेंबरात दक्षिण जॉर्जियाहून निघाले आणि १९१५ च्या जानेवारीत वेडेल समुद्राच्या बर्फात रुतून बसले. पुढचे कित्येक महिने हर्ली त्या अडकलेल्या जहाजाची चित्रे काढत राहिला. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना प्रकाश तिरपा पडतो, बर्फाच्या प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते आणि सपाट पांढऱ्यात आकार उभा राहतो. ही वेळ तो साधत असे. रात्रीच्या अंधारात त्याने प्रकाशही स्वतःच निर्माण केला. २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्री बर्फाच्या ढिगांमागे ठिकठिकाणी सुमारे वीस वेळा फ्लॅशची पूड पेटवून त्याने जहाजाचे चित्र घेतले. काळ्या आकाशापुढे हिमाने माखलेले दोरखंड त्यात भुतासारखे पांढरे उभे आहेत. प्लेटा धुणे हे आणखी एक दिव्य. पाणी उबदार ठेवले नाही तर टाकीतल्या प्लेटा बर्फाच्या लादीत गोठून जात.

२७ ऑक्टोबरला जहाज सोडावे लागले. निगेटिव्ह आतच राहिल्या होत्या. काही दिवसांनी हर्ली मोडक्या जहाजात शिरला, कपडे उतरवून बर्फाळ पाण्यात बुडी मारली आणि पत्र्याच्या बंद पेट्या वर काढल्या. पुढचा प्रवास बर्फावरून आणि होड्यांतून होता. काचेचे एवढे ओझे नेणे शक्य नव्हते. म्हणून शॅकल्टन आणि तो बर्फावर बसून निवड करू लागले. सुमारे एकशे वीस प्लेटा ठेवल्या आणि चारशेच्या आसपास तेथेच फोडून टाकल्या. पुन्हा मोह होऊ नये म्हणून फोडल्या. संपादन म्हणजे काय असते, हे मला या प्रसंगाइतके कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही.

यानंतर त्याच्याजवळ एक खिशातला कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल उरले. १९१६ च्या एप्रिलमध्ये सारे एलिफंट बेटावर पोहोचले. २४ एप्रिलला शॅकल्टन पाच जणांसह 'जेम्स केर्ड' या लहान होडीतून सुमारे आठशे सागरी मैल दूर असलेल्या दक्षिण जॉर्जियाकडे मदतीसाठी निघाला. किनाऱ्यावर उरलेले लोक हात हलवत होते, ते हर्लीने टिपले. त्या बावीस जणांची सुटका ३० ऑगस्टला झाली.

आणि येथेच आपला प्रश्न उभा राहतो. निरोपाचे हे चित्र पुढे फेरफार करून सुटकेचे चित्र म्हणून जगापुढे आले. निघून जाणाऱ्यांना दिलेला निरोप हा येणाऱ्यांचे स्वागत ठरला.

हर्लीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्या काळच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. त्यामुळे निळे आकाश प्रिंटवर कोरे पांढरे येई आणि खालच्या बर्फात मिसळून जाई. पिवळा फिल्टर लावला तर आकाश थोडे गडद होई. नाही तर दुसऱ्या निगेटिव्हवरचे ढग वरच्या भागात छापत. अनेक छायाचित्रकार असे करत, हर्लीही करी. यात मला खोटेपणा दिसत नाही. डोळ्यांना जे दिसले होते आणि प्लेटला जे दिसले नाही, तेच डार्करूममध्ये भरून निघाले.

१९१७ साली तो ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून फ्लँडर्सच्या रणांगणावर गेला. तेथे अनेक निगेटिव्ह जोडून त्याने लढाईची भव्य चित्रे बनवली. युद्धाचा इतिहास लिहिणारा चार्ल्स बीन याला हे मुळीच मान्य नव्हते. अशी चित्रे त्याच्या मते बनावट होती. एका निगेटिव्हमध्ये युद्धाचा विस्तार मावत नाही, हे हर्लीचे म्हणणे. वाद इतका पेटला की हर्लीने राजीनामा देऊ केला. त्यानंतर तो १९२९ ते १९३१ मध्ये मॉसनबरोबर पुन्हा अंटार्क्टिकाला गेला, दुसऱ्या महायुद्धातही त्याने काम केले आणि १९६२ साली सिडनीतच त्याचे निधन झाले.

माझे मत असे की जोडण्याला दोष नाही, लपवण्याला आहे. ढग जोडल्याने बर्फ खोटा ठरत नाही. परंतु निरोपाला सुटका म्हटल्याने त्या बावीस जणांचे चार महिने खोटे ठरतात. परत कोणी येईल की नाही हे ठाऊक नसताना हलवलेले ते हात होते. त्या चित्राची किंमत त्या अनिश्चिततेतच होती. हर्लीने चित्र अधिक आनंदी केले आणि त्यातले धैर्य काढून घेतले.

२०२२ च्या मार्चमध्ये 'एन्ड्युरन्स' वेडेल समुद्राच्या तळाशी सुमारे तीन हजार मीटर खोल सापडले. सुकाणूचे चक्र आणि नावाची अक्षरे अजून शाबूत होती. जहाजाची जी रचना हर्लीच्या प्लेटांवर उमटली होती, तीच तेथे होती. आज आपल्या खिशातला फोन आपल्याला न विचारता चार-पाच एक्स्पोजर जोडतो आणि आकाश निळे करून देतो. आपल्यापैकी जे कॅमेरा हाती धरतात, त्यांनी हर्लीकडून बर्फावरचा तिरपा प्रकाश जरूर शिकावा. चित्राखाली मथळा लिहिताना मात्र बीनची आठवण ठेवावी.